अर्पणाची पाकिटं छापायची असतील तर नागपूरच्या महाल भागातला हा छापखाना

आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या कुटुंबांची, वर्षभराची अर्पणाची (चर्चला द्यायच्या पैशांची) पाकिटं मी या छापखान्यातून करून घेते. दुसऱ्या मंडळ्यांचे खजिनदार भेटले की त्यांनाही इथलाच पत्ता देते. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण डब्याच्या झाकणापायी कापलाय, ते पुढे येईलच.

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रत्येक कुटुंबाला पुठ्ठ्याचा एक लहानसा डबा मिळतो. त्यात वर्षातल्या प्रत्येक रविवारचं एक पाकीट, त्यावर त्या रविवारची तारीख आणि कुटुंबाचा क्रमांक छापलेला. शिवाय शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे), पुनरुत्थानाचा सण (ईस्टर), उपकारस्तुती (देवाचे आभार मानण्याचा दिवस) आणि नाताळ यांची वेगळ्या रंगाची पाकिटं. लहान मुलांसाठी निम्म्या आकाराची, त्यांच्या स्वतःच्या क्रमांकाची. शनिवारी रात्री घरात बसून पाकीट भरायचं, रविवारी उपासनेला घेऊन यायचं. एवढंच.

एवढंच असलं तरी यानं आमच्याकडे खूप फरक पडला. बरीच वर्षं मी उपासनेनंतर पैसे मोजायला बसत होते. अर्पणाची थैली बाकांवरून फिरत समोर आली की लोक काय करतात ते कळायला मोजणीचं टेबल पुरेसं असतं. पर्समध्ये हात जातो, सुट्टे चाचपले जातात, जी नोट हाताला लागेल ती पडते. कॉलेजात असताना वीस रुपये टाकणारा मुलगा आता चांगल्या नोकरीला आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि अजूनही वीसच टाकतो. तो कंजूष नाही. शेजारी कोणी आजारी पडलं तर रात्री दोनला गाडी काढून मेडिकल हॉस्पिटलला नेणारा माणूस आहे. अर्पणाबद्दल त्यानं घरी बसून कधी विचारच केलेला नसतो, कारण थैली समोर येते तेव्हा विचाराला मोजून चार सेकंद मिळतात.

बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला नेमकं हेच लिहिलंय. पहिल्या पत्राच्या 16 व्या अध्यायात तो म्हणतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीप्रमाणे आपल्याजवळ बाजूला काढून ठेवावं, म्हणजे तो आल्यावर वर्गण्या गोळा करत बसायला नको. काढून ठेवायचं, आणि तेही घरी. पाकीट हे त्या वचनाचं कागदी रूप आहे, असं आमच्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) पहिल्या वर्षी डबे वाटताना सांगितलं आणि ते लोकांना पटलं.

नागपुरात या गोष्टीला एक जुनी पार्श्वभूमीही आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले तेव्हापासून शाळा, दवाखाने, चर्चच्या इमारती यांसाठी स्कॉटलंडहून पैसा येत होता. तिथल्या साध्यासुध्या लोकांनी दर आठवड्याला काढलेल्या नाण्यांवर आपल्याकडच्या भिंती उभ्या राहिल्या, हे आपण कृतज्ञतेनं लक्षात ठेवायला हवं. पण त्यामुळे ‘मिशन बघून घेईल’ ही सवयही आपल्या घराघरांत मुरली. 29 नोव्हेंबर 1970 ला याच शहरात अनेक चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्याला आता अर्धशतक उलटून गेलं, तरी छत गळायला लागलं की ‘बाहेरून काही मदत मिळते का’ हा प्रश्न आमच्या कमिटीत पहिला यायचा. छत आपलं आहे, गळतंय ते आपल्या डोक्यावर, मग पैसा कोणाचा लागणार?

आता छापखान्याकडे वळते. चितारओळी चौक मेट्रो स्टेशनला उतरून बडकस चौकाकडे चालत जाता येतं, आणि मी तेच सुचवेन. महालात गाडी लावायला जागा शोधण्यात जीव जातो. दुकान गल्लीत आत आहे, बाहेरून लहान दिसतं, आत मात्र ऑफसेट, नंबरिंगचं मशीन, कटिंग सगळं एकाच छताखाली. मालक पन्नाशीचे असावेत. त्यांचं मोठं काम गणेश मंडळांच्या पावतीपुस्तकांचं आणि लग्नपत्रिकांचं. चर्चचं काम त्यांनी आधी कधी केलेलं नव्हतं. पण वर्गणीची पावतीपुस्तकं छापणाऱ्या माणसाला लोकांच्या पैशाचा हिशोब म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. माझं काम तिथेच निम्मं सोपं झालं.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, “ताई, पाकिटावर नाव टाकू नं जी? लोकायले नाव छापलेलं आवडते.”

मी म्हटलं, “नाव अजिबात नको, भाऊ. फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा ते खजिनदाराच्या वहीत राहणार. थैलीत पडल्यावर वीस रुपयांचं पाकीट आणि दोन हजारांचं पाकीट सारखंच दिसलं पाहिजे.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे देणाऱ्याचं देणाऱ्यापाशी. मंग नंबर पक्का पाहिजे. एकबी नंबर रिपीट झाला तर याचं त्याच्या खात्यात जाईन.”

हा माणूस आपलं काम करणार, हे मला तेव्हाच कळलं. आमच्या मंडळीत धुणीभांडी करणाऱ्या बाया आहेत, रिक्षा चालवणारे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत. उघड्या थैलीत दहा रुपये टाकताना मुठीत लपवून टाकणारे हात मी वर्षानुवर्षं पाहिलेत. गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, प्रभूनं सगळ्या श्रीमंतांच्या दानापेक्षा जास्त धरल्या, हे आपण दरवर्षी वाचतो आणि त्याच उपासनेत एखाद्या विधवेला मूठ लपवायला लावतो. पाकिटानं ते थांबलं. माझ्यासाठी या सगळ्या खर्चाचं मोल तेवढ्यानंच वसूल झालं.

नंबरिंगची पद्धत मुद्दाम सांगते, कारण घरच्या प्रिंटरवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात हे नीट होत नाही. तारीख प्रत्येक आठवड्याची वेगळी आणि क्रमांक प्रत्येक कुटुंबाचा वेगळा. म्हणजे आधी एका रविवारची सगळी पाकिटं छापायची, मग त्यांवर एकापासून शेवटपर्यंत नंबर मारायचे, मग पुढचा रविवार. आणि सगळं झाल्यावर पत्ते पिसल्याच्या उलट काम, प्रत्येक ढिगातून एकेक उचलून कुटुंबाचा संच लावायचा. दुकानातल्या दोन मुली हे काम लांब टेबलावर उभ्या राहून करतात. एकीनं लावलेला संच दुसरी मोजते, मग त्यावर कागदी पट्टी चढते. पहिल्या वर्षी काही संचांत एकेक तारीख गहाळ होती. मी फोन केला, त्यांनी त्या पाकिटांचे पैसे न घेता दुसरी छापून दुकानातल्या मुलाच्या हाती पाठवली. त्यानंतर अशी तक्रार आलेली नाही.

रविवार किती ते कॅलेंडरवर मोजूनच ऑर्डर द्या. दरवर्षी 52 च असतात असं नाही. 2023 मध्ये 53 होते, 2028 मध्ये पुन्हा 53 येतील.

प्रूफ मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. पहिल्या प्रूफवर वचन हिंदीत आलं होतं, डीटीपीवाल्यानं नेटवरून उचललेलं. मी आपल्या मराठी बायबलच्या पानाचा फोटो पाठवला, करिंथकरांस दुसरं पत्र, 9 वा अध्याय, 7 वं वचन. त्यातला आशय असा की प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नको. दुसऱ्या प्रूफात फॉन्ट बदलताना ‘अर्पण’ मधला रफार घसरून भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता. मालकांनी स्वतः बसून दुरुस्त केलं आणि तिसरं प्रूफ कागदावर छापून दाखवलं. व्हॉट्सअॅपवरचं पीडीएफ पाहून होकार देऊ नका. प्रत्यक्ष कागदच मागा. ते देतात.

त्यांच्या तयार नमुन्यातल्या पावतीवर खाली ‘80जी अंतर्गत करसवलत’ अशी ओळ होती. ती मी काढायला लावली. एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या ट्रस्टला देणगीदारांसाठीची ही आयकराची सवलत साधारणपणे मिळत नाही, आणि मंजुरी नसताना छापणं म्हणजे देणाऱ्याची फसवणूक. मालकांना हे नवीन नव्हतं. ते म्हणाले, ज्यांच्याकडे मंजुरीचं पत्र आहे त्यांच्याच पावतीवर मी ती ओळ ठेवतो, नमुन्यात राहून गेली. तुमच्याही पावतीपुस्तकांवर ती ओळ आहे का, बघून घ्या.

कागदाबद्दल. त्यांनी 70 आणि 80 जीएसएमचा मॅपलिथो (छपाईचा साधा कागद, आकडा जास्त तितका जाड) दाखवला. 70 मधून नोटेचा रंग बाहेर दिसतो, पाचशेची की वीसची ते उजेडात कळतं. म्हणजे नाव न छापल्याचा उपयोगच गेला. 80 घ्या. हलकासा पिवळसर रंग मिळाला तर आणखी बरं. गोंदाचंही सांगते. नेहमीचा ओला करून चिकटवायचा गोंद आपल्याकडच्या पावसाळ्यात दगा देतो, जुलै-ऑगस्टमध्ये डब्यातल्या डब्यात रिकामी पाकिटं चिकटून बसतात. म्हणून आम्ही झाकण नुसतं आत खोचायचं ठेवलं, गोंदच नाही. मोजणाऱ्यांनाही ते सोयीचं, पाकीट फाडावं लागत नाही आणि आत कागद चिकटून नोट फाटत नाही.

पाकिटाच्या दर्शनी बाजूला आम्ही चारच ओळी ठेवल्या: दशांश (मिळकतीचा दहावा भाग), मंडळीतल्या गरजूंसाठी, इमारतीसाठी, उपकारस्तुती. कमिटीतल्या काहींना दहा-बारा खाती हवी होती. इतक्या रेघा पाहिल्या की माणूस गोंधळतो आणि काहीच लिहीत नाही. मागच्या बाजूला प्रार्थनेची विनंती लिहायला रिकामी जागा सोडली, आणि मला सगळ्यात जास्त समाधान याच जागेचं आहे. एखाद्या आठवड्यात घरात पैसेच नसतात. त्या आठवड्यात लोक रिकामं पाकीट आणतात, मागे दोन ओळी लिहून. ‘मुलाला काम लागू दे.’ ‘आईचं ऑपरेशन आहे.’ पैसे आम्ही मोजतो, त्या चिठ्ठ्या पाळकांकडे जातात. रिकाम्या हातानं आलेला माणूसही वेदीपुढे काहीतरी ठेवून जातो.

यूपीआयबद्दल विचारणारे पुष्कळ आहेत. क्यूआर कोडचं कार्ड याच दुकानातून छापून प्रत्येक डब्यात टाकलंय. कोड चर्चच्या ट्रस्टच्या खात्याचा आहे. पाळकांचा किंवा खजिनदाराचा स्वतःचा नंबर अर्पणासाठी कधीही देऊ नका, माणूस कितीही सचोटीचा असो. पाकिटावर ‘ऑनलाइन दिले’ असा लहान चौकोन आहे. मोबाइलवरून देणाराही त्या चौकोनात खूण करून पाकीट थैलीत टाकतो, म्हणजे बाकावर बसलेल्या मुलाला आपले आईबाबा देतात हे दिसतं. कार्डावर एक ओळ मी आग्रहानं घातली, की परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांनी या कोडवर पैसे पाठवू नयेत. परदेशी देणग्यांबद्दलच्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी नसेल तर ते घेता येत नाहीत.

पैसे आल्याचं बोलून दाखवणारा साउंडबॉक्स आम्ही घेतला नाही. दुकानांत तो ठीक आहे. अर्पणाच्या वेळी, गीत चालू असताना ‘पाचशे रुपये मिळाले’ असं भिंतीवरून ऐकू आलं तर उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नका, या प्रभूच्या शब्दांचं काय राहिलं?

ही पाकिटं खरी कामाला आली ती मे महिन्यात. नागपूरचा मे सगळ्यांना माहीत आहे. शाळांना सुट्टी, निम्मी कुटुंबं गावाला, कोणी वर्ध्याला, कोणी अमरावतीला. जे इथे असतात त्यांच्यातले म्हातारे उन्हामुळे निघत नाहीत. थैली हलकी होते आणि नेमकं तेव्हाच मोठमोठे कूलर दिवसभर चालून विजेचं बिल फुगतं. पाळकांचा पगार आणि डायसिसला (बिशपच्या विभागाला) जायचा वाटा काही उन्हाळा बघून कमी होत नाही. पूर्वी दर जूनमध्ये कमिटीला कोणाकडून तरी उसने घ्यावे लागायचे. आता गावाहून परतलेलं कुटुंब राहिलेल्या रविवारांची पाकिटं एकत्र घेऊन येतं, तारखांसकट. डब्यात न वापरलेलं पाकीट दिसत राहतं ना, म्हणून. कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.

छापखान्याच्या हातात नसलेली एक गोष्ट इथेच लिहिते, कारण नुसती पाकिटं छापून आणली आणि काम झालं असं समजणाऱ्या मंडळ्याही मी पाहिल्यात. डबे वाटण्याआधी आमच्या पाळकांनी नोव्हेंबरचे रविवार करिंथच्या दुसऱ्या पत्रातल्या 8 व्या आणि 9 व्या अध्यायांवर घेतले. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः गरिबीत असताना त्यांनी ‘आम्हालाही देऊ द्या’ असं विनवून विनवून कसं दिलं, तो भाग. जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकातला दशांशाचा उताराही वाचला, पण देवाला लुबाडता या शब्दांनी कोणाला भिववलं नाही. आणि ‘शंभर दिले की देव हजार करून देतो’ हे तर त्यांच्या तोंडून कधीच निघालं नाही. असं सांगून थैली भरते, मी नाकारत नाही, पण ज्याच्या घरी हजार आले नाहीत तो माणूस देवावर रुसून चर्च सोडतो. अशी घरं मला माहीत आहेत. दशांश हातात येणाऱ्या पगारावर की कापण्याआधीच्या, असं एका तरुणानं विचारलं तेव्हा पाळकांनी आकडा सांगितला नाही. बायकोबरोबर बसून ठरव, ठरवलंस की पाळ, म्हणाले.

करिंथच्या दुसऱ्या पत्राच्या त्याच 8 व्या अध्यायात पौल पैसे नेण्यासाठी आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवतो, कोणी बोट ठेवू नये म्हणून. आमच्याकडे मोजायला नेहमी दोघं, एका घरातले नसलेले. नोटांचा तक्ता भरून दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. दर तिमाहीला जमाखर्च चर्चच्या फलकावर लागतो, आणि वर्षाचा हिशोब याच दुकानातून चार पानी छापून प्रत्येक घरी जातो. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं हिशोब ठेवणं आणि तपासून घेणं आपल्याला बंधनकारक आहेच, पण तो अहवाल कपाटात राहतो. चार पानं घरी गेल्यावर लोक वाचतात. कूलरचं बिल किती, गरजूंच्या निधीतून किती मुलांची फी भरली, हे कळल्यावर इमारतीच्या रेघेवर आकडे दिसायला लागले. छताचं काम यंदा बाहेरच्या मदतीशिवाय झालं.

दराचं म्हणाल तर डबा, पाकिटं, क्यूआर कार्ड धरून एका कुटुंबाचा संच आम्हाला शंभर रुपयांच्या आत पडला. आमची शंभरेक कुटुंबं आहेत. त्याहून लहान मंडळी असेल तर दर थोडा चढेल, कारण तारखा बदलायला मशीन थांबवावंच लागतं. दोन-तीन मंडळ्यांनी मिळून ऑर्डर दिली तर मालक दर कमी करतात, मी विचारून ठेवलंय. निम्मे पैसे आगाऊ, बाकी माल घेताना, पक्कं बिल मिळतं. ट्रस्टच्या चेकनं घेतात.

अर्ध्या गुणाबद्दल. डब्याचा पुठ्ठा पातळ आहे आणि झाकणाची खाच मार्चपर्यंत फाटते. म्हाताऱ्या माणसांना ते उघडबंद करणं जमत नाही, आमच्या एका आजींनी सगळी पाकिटं रबर बँड लावून बायबलच्या पिशवीत ठेवली आहेत. मालकांना सांगितलं तर ते जाड पुठ्ठ्याचा दर वाढेल म्हणाले. वाढू द्या, पुढच्या वर्षी जाडच घेणार.

ऑर्डर ऑक्टोबरमध्ये द्या. पोळ्यापासून गणपती होईपर्यंत तिकडे फिरकू नका. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महालात पाय ठेवायला जागा नसते, त्यानंतर चितारओळीत मूर्तींची गर्दी, आणि दुकानात मंडळांच्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे छताला लागलेले असतात. दिवाळीनंतर लग्नपत्रिका सुरू होतात. मधल्या काळात दिलं तर नोव्हेंबरअखेर माल हातात येतो, आणि संच तपासून कुटुंबांच्या यादीशी नंबर जुळवायला डिसेंबर मिळतो. जाताना मंडळीची यादी न्या, वचनाच्या पानाचा फोटो न्या, आणि पुढच्या वर्षी नवीन कुटुंबं येतील म्हणून दहा नंबर जास्तीचे छापायला सांगा.